प्लास्टर

पायाला भिंगरी लावून वॉर्डभर फिरणाऱ्या हेडसिस्टर पेशंटचं बीपी घेता घेताच कोसळल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या.

"आजार काही नाही, सिस्टर. राबून राबून शरीरानंच हात टेकलेत. महिनाभर घरी गुपचूप पडून राहा."

सिस्टरांनी दाराकडे बघितलं आणि हळूच डावा हात पुढे केला.

"मग याला प्लास्टर घाला ना."

"अहो, हाड कुठे मोडलंय?"

"नाही मोडलं. पण नुसतं लोळलेलं बाबांना खपत नाही. लहानपणी त्यांनी हा हात मोडला ना, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत मला निवांत बसू दिलं होतं."

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते गेले त्या दिवशीसुद्धा सिस्टर ड्यूटी संपवूनच घरी गेल्या होत्या.