साळुबाईच्या मनासारखं घर

"कोनाडा अजून खाली घे," संपत म्हणाला.

जुन्नरहून आलेल्या भागू गवंड्यानं थापी खाली ठेवली. "भाऊ, कमरेएवढा झाला की. एवढ्या खाली कुनाचा हात जातोय?"

"मला काय ठावं? मंडळींचा फोन आलाय. तिथंच व्हता म्हनत्यात."

भागूनं कपाळावर हात मारला आणि कोनाडा पुन्हा फोडला. काम सुरू झाल्यापासून संपतची बायको साळुबाई पेठच्या या घराकडे फिरकली नव्हती, पण राज्य तिचंच चाललं होतं. खोडदला कांद्याला पाणी देता देता ती फोनवरून हुकूम सोडायची. फरशी नको, सारवलेली जमीनच हवी. पत्रा नको, कौलंच घाला. उखळ हलवाल तर खबरदार! संपत निमूट मान डोलवायचा, आणि फोनवर मान दिसत नाही हे आठवलं की मोठ्यानं "व्हय, व्हय" करायचा.

मागच्या वर्षी पावसात घराची भिंत बसली होती. ती पाहायला दोघं आली, तेव्हा साळुबाई दारातूनच माघारी फिरली. "नीट उभं ऱ्हाईल तवाच पाऊल टाकीन," एवढंच बोलली आणि वाटभर रडत राहिली. संपतला ते बघवलं नाही. तिनं पुन्हा हसत आत जावं, बाकी त्याला काही नको होतं.

"बापजाद्यांच्या घराची माया सुटत न्हाई राव," भागू म्हणाला.

संपत नुसता हसला. याच ओसरीवर घरधनी रखमाजींपुढं त्याची मान कधी वर झाली नव्हती. म्हातारा नुसता खाकरला तरी संपत चहाची बशी खाली ठेवून उभा राहायचा. आज ओसरी पांढऱ्या मातीनं उजळली होती. म्हातारा असता तर खूश झाला असता, असं संपतला मनापासून वाटलं.

वसुबारसेला तो साळुबाईला मोटरसायकलवरून घेऊन आला. तिनं खांबावरून हात फिरवला, वाकून उंबऱ्याला कपाळ टेकवलं आणि लहान पोरीसारखी आत पळाली. या खोलीतून त्या खोलीत तिच्या बांगड्या वाजत राहिल्या. मध्येच खुदकन हसू ऐकू आलं. संपतला भरून पावल्यासारखं झालं.

गाडीवरची पिशवी घेऊन त्यानं चपला काढल्या. तेवढ्यात साळुबाई दारात आली. पिशवी तिनं त्याच्या हातातून काढून घेतली आणि दोन्ही हात चौकटीला लावून वाटच अडवली.

"आवं, तुमी कुठं निगालात?"

"कुठं म्हंजी? आत."

"आसं बिनबोलावता?" साळुबाईनं पदर सावरला. तिचं हसू काही तिला आवरेना. "पाडव्याला या, ओवाळनी घिऊन. तवर मी माहेरी ऱ्हानार हाय, जावईबापू!"