तळहाताखाली

हातोडी पडली. बिडाच्या कास्टिंगमधून निघालेला नाद शेडच्या पत्र्यापर्यंत जाऊन परतला आणि परशुरामने डोळे न उघडताच सांगितले, "खणखणीत."

खुर्चीवर बसून सांगितले. प्रवीणला नेमके तेच खुपत होते. तारिहाळच्या त्या कारखान्यात व्हॉल्व्हच्या कास्टिंगची तपासणी आजवर उभ्यानेच होत आली होती. एक लांब लाकडी टेबल, भोवती सात माणसे, सात हातोड्या. तडा गेलेले कास्टिंग बद्द वाजते, निर्दोष असलेले खणखणते. एवढेच त्यांचे शास्त्र. पण गेले चाळीस दिवस परशुरामला खुर्ची होती आणि पुढ्यात मायक्रोफोन. इतरांना कागदी पेल्यातून मिळणारा चहा त्याच्यासाठी ऑफिसच्या कपातून येत होता.

"परशुराम सर, अजून एकदा," निवेदिता म्हणाली. धारवाडची ही तरुण इंजिनिअर त्याचा कान यंत्राला शिकवायला आली होती. यंत्राला तिने नावही त्याचेच दिले होते. प्रत्येक ठोक्यानंतर पडद्यावर अक्षरे उमटत. परशुराम म्हणतो, खणखणीत. परशुराम म्हणतो, बद्द.

"सर म्हणे," शेजारची रूपा प्रवीणच्या कानाशी पुटपुटली. "उद्या आपल्याला ओवाळायला लावतील बघ."

प्रवीण हसला नाही. यंत्र बसल्यावर टेबलावरचा एकच माणूस राहील, असे मॅनेजरने सांगितले होते. तो कोण, ते खुर्ची सांगत होती. अळनावरजवळच्या एकाच गावातून प्रवीण आणि परशुराम एकाच दिवशी इथे कामाला लागले होते. मालकाची नवी गाडी दारात आली तेव्हा प्रवीणने तिच्यावरून कौतुकाने नजर फिरवली होती; तिने त्याला जराही दुखवले नाही. परशुरामच्या कपाला मात्र कान होता, आणि तो कान चाळीस दिवस त्याच्या मनात रुतून बसला होता.

"पुन्हा चुकलं," निवेदिता म्हणाली. शंभरांतली तीन कास्टिंग यंत्राला निर्दोष वाटत आणि फोडल्यावर आतून पोकळ निघत. "आवाज तर चांगलाच येतोय. सर, ही तुम्ही कशी ओळखता?"

"कळतं, अक्का. सांगता येत नाही."

"मग तुमचं टेबल राहणार. ही तीन सुटत नाहीत तोवर साहेब यंत्र बसवणार नाहीत."

सांगता येत नाही. कशी ओळखतात, हे प्रवीणइतके कुणालाच ठाऊक नव्हते. ते त्यानेच शोधून काढले होते. ठोका देताना डावा तळहात कास्टिंगच्या कडेला अलगद टेकवायचा. आत पोकळी असली तर कान फसतो, पण कंप तळहातापर्यंत येता येता मध्येच विरतो. परशुरामला हे त्यानेच शिकवले होते. खुर्चीवरचा परशुरामही तेच करत होता. हात असा सहज विसावलेला, की पडद्यावरच्या लहरी न्याहाळणाऱ्या निवेदिताच्या तो ध्यानातही आला नव्हता.

शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलंय, प्रवीणला वाटले. माझं आहे ते, आणि स्वतःच्या नावावर खपवणार.

"मॅडम," तो पुढे झाला, "हा कानानं ओळखतच नाही."

परशुरामने डोळे उघडले. "सुम्म बस, तम्मा."

धाकट्या भावाला दटावावे तसे ते शब्द. एरवी प्रवीण गप्प बसला असता. आज त्याला त्यांत फक्त खुर्चीचा मान ऐकू आला. त्याने परशुरामचा हात बाजूला सारला, आपला तळहात कास्टिंगला टेकवला आणि ठोका दिला.

"हातात कळतं. इथं. यानं माझ्याकडनंच घेतलंय हे."

निवेदिता त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. बॅगेतून तिने बटणाएवढा एक सेन्सर काढला. "हेच सापडत नव्हतं आम्हाला. बसा ना, प्रवीण सर. तुमचं पूर्ण नाव सांगा."

परशुराम आधीच उठला होता. प्रवीण बसला. त्याने आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव सावकाश सांगितले आणि निवेदिताने ते टाइप केले. टेबलाभोवतीच्या हातोड्या एकेक करून थांबल्या.

परशुराम त्याच्या खुर्चीमागे उभा होता. "तुझंच होतं ते," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून तर दिलं नाही मी. आपल्या सातजणांजवळ तेवढंच उरलं होतं."

प्रवीणने मान वळवली नाही. तळहाताखालचे बीड अजून गार होते. निवेदिता सेन्सर घेऊन वाकली, कास्टिंगची कडा तिने बोटाने चाचपली. चिकटवण्याजोगी जागा नेमकी त्याच्या हाताखाली होती.

"सर," ती अदबीने म्हणाली, "आता हात काढा."