टाचा घासायची वज्री

डॉक्टरबाईंनी ओढणी बाजूला केली, तशी भार्गवीने मान आखडून घेतली. मानेवरचा काळा पट्टा ती दोन वर्षं लपवत होती. रोज सकाळी आई बेसन, लिंबू आणि शेवटी टाचा घासायची वज्री घेऊन त्या पट्ट्यावर तुटून पडायची. "चौदा वर्षांची घोडी झालीस, अंग धुता येत नाही? खायला मात्र तासातासाला हवं!"

इथेही आईने तेच सुरू केलं. "मळ आहे हो. कितीही घासा, निघतच नाही."

"निघणार कसा? मळ नाहीच तो. शरीरात इन्सुलिन वाढलं की मान अशी काळवंडते. सारखी भूक लागते, तीही बहुतेक त्यामुळेच. रक्त तपासून खात्री करू. पण वेळेत आलात. खाणं, झोप, खेळणं जागेवर आलं की उतरेल हळूहळू. घासणं तेवढं बंद करा."

भार्गवीचे डोळे भरून आले. ती घाणेरडी नव्हती, अधाशीही नव्हती. आणि हे आईच्या तोंडावर कुणीतरी सांगितलं होतं.

आता आई वाद घालणार, असं तिला वाटलं. पण आई उठली, दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला पदर तिने खाली सरकवला आणि डॉक्टरबाईंकडे पाठ केली. तिची मान तशीच काळी होती, वर घासून घासून सोलवटलेली.

"मग हा पण मळ नाही का हो? हळद लागेपर्यंत घासायची माझी आई. आता मीच घासते."

डॉक्टरबाईंच्या आधी भार्गवीच म्हणाली, "नाही गं आई. तोही मळ नाही."