भंडाऱ्याचा उजेड

भिमाजीला फेफरं होतं, आणि काळीजही दुबळं. फेफऱ्याच्या गोळीनं त्याच्या यकृताला अशी काही घाई लावली होती, की छातीची गोळी पोटात पडली न पडली तोच ते तिचा निकाल लावायचं. चोपन्न साली हे मंचरच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. गुण येईना, म्हणून ते आपले छातीच्या गोळ्या वाढवत रोजच्या तीनवर गेले.

"एवढ्या गोळ्यांनी दुसरा माणूस दगावला असता, बाई," ते भिमाजीच्या बायकोला म्हणाले. "याला कशा पचतात, देवच जाणे."

बायडाबाईला ते पटलं. तिनं खंडोबाला नवस बोलला होता, "वरीसभर धन्याला फेफरं आलं न्हाई, तर फेफऱ्याची गोळी तुझ्या पायरीवर ठेवीन, पुन्यांदा घरात आणायची न्हाई." चंपाषष्ठीला वर्ष भरलं. फेफऱ्याच्या गोळ्यांची बाटली पायरीवर ठेवून, पदरात भंडारा बांधून ती महाळुंग्याला घरी परतली. छातीच्या गोळ्या मात्र तिनं एकही न चुकवता चालू ठेवल्या.

फेफऱ्याची गोळी सुटली तशी यकृताची घाई महिन्याभरात निवत गेली, छातीच्या गोळ्या अंगात साठत गेल्या, आणि त्यांच्या विषानं भिमाजीची अन्नावरची वासना उडाली. अंगणात घोंगडीवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "अगं, समदं पिवळं दिसतंय. भिंत, गाय, तुझं लुगडं बी."

बायडाबाईचा ऊर भरून आला. "देव पावला, धनी. भंडारा उधळलाय त्यानं."



तिनं चिमूटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला, आणि छातीच्या तिन्ही गोळ्या रोजच्यासारख्या आपल्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवल्या.