नव्या आरामखुर्च्या

आमच्या लायब्ररीने मराठी पुस्तकांचं कपाट काढून टाकलं आणि त्या जागी निवृत्त लोकांसाठी आरामखुर्च्या मांडल्या. रोज तिथे वाचत बसणारे आम्ही सगळे पेन्शनर चिडलो, पण लांबच्या एजवेअर उपनगरातून बस बदलून येणारे कमलाकरराव तर काउंटरवर हात आपटून कडाडले, "रिटायर झालो म्हणजे नुसतं बसून राहायचं का आम्ही? पुस्तकं कुठे गेली?"

लायब्रेरियन जोनही वैतागली होती. "लायब्ररीला पैसे देणारं कौन्सिल फक्त घरी नेलेली पुस्तकं मोजतं. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानेही एक पुस्तक इश्यू केलं नाही. मी भांडणार तरी कशाच्या जोरावर?"



"इथेच वाचा, दुसऱ्यालाही मिळू दे," असं दटावून प्रत्येकाला पुस्तक परत ठेवायला लावणारे कमलाकरराव मागच्या आरामखुर्चीत मटकन बसले.