शेवंतीकाकूंची चिमूट

यंत्राची मुसळं थांबली. गिरणीवाल्या कांताने झाकण काढलं, मसाला डब्यात ओतला आणि दरवर्षीसारखी म्हणाली, "बघा काकू, झाला का."

काळाचौकीच्या चाळीतल्या बायका एप्रिलमध्ये लालबागला मसाला कुटायला निघाल्या की आधी शेवंतीकाकूंचं दार वाजवत. काकूंनी चिमूट चोळून "झाला" म्हटल्याशिवाय कुणी डबा उचलत नसे. मागच्या वर्षी त्या आजारी होत्या, तर सगळ्या चाळीने वर्षभर भरड मसाला खाल्ला आणि वर्षभर कुरकुर केली. कॅन्सरची औषधं संपून आता पाच महिने झाले होते. डोक्यावर केस परत आले होते, म्हणजे काकू बऱ्या झाल्या असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

काकूंनी चिमूट घेतली. चोळली. पुन्हा चोळली. मग हात पदराला पुसून तिसऱ्यांदा घेतली.

"आई, लागत नाहीये का हाताला?" शेजारी उभ्या असलेल्या वैदेहीने हळूच विचारलं. सोबत यायचं म्हणून तिने आज प्रयोगशाळेतून सुट्टी घेतली होती.

"मातीच चोळल्यासारखी वाटते."

"कधीपासून?"

"तिसऱ्या सलाइनपासून. मुंग्या यायच्या. तुला फोन नव्हता का केला?"

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांनी विचारलं ना, हाताला काही होतंय का म्हणून. होत असेल तर औषध थोडं कमी करू म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. माझी मुलगीच डॉक्टर आहे, तिला विचारलंय." हे सांगतानाही काकूंचा आवाज जरासा वर चढला, बायकांना ऐकू जाईल इतपत.

वैदेही डॉक्टर होती, पण पीएचडीची. पेशीच्या आत बारीक नळ्यांचे रूळ असतात आणि मेदाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला माल त्यांच्यावरून ये-जा करतो. परळच्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं ही वाहतूकच बघत आली होती. काचेवर मांडलेले रूळ विस्कटू नयेत म्हणून ती त्यांत एका औषधाचा थेंब घालायची. तेच औषध आईच्या सलाइनमधून जात होतं. रूळ असे जखडले की माल वाटेत अडतो, आणि सगळ्यात लांबचा रस्ता बोटांच्या टोकांचा, म्हणून तिथे आधी उपासमार होते. हे तिने विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं, तेही एकदा नाही.

आईचा फोन आला त्या दुपारी, रुळावर महिनाभर हटून बसलेला मेदाचा एक फुगा तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पुढे सरकत होता. तिने डोळा वर उचलला नाही. "होतं गं तसं, होईल कमी," म्हणाली आणि फोन ठेवला. फुगा शेवटपर्यंत गेला. त्यावरचा लेखही छापून आला, आणि आईने चाळीत पेढे वाटले. ते आठवून वैदेहीला आता स्वतःची शरम वाटत होती.

"येईल ना गं परत?" काकूंनी बोटांकडे बघत विचारलं.

"सांगता येत नाही," वैदेही म्हणाली.

काकूंनी डबा तिच्यापुढे सरकवला. "तू बघ. बायका खोळंबल्यात."

वैदेहीने चिमूट चोळली. तिचा हात बारा वर्षं रबरी हातमोज्यांत गेलेला; मसाला बारीक म्हणजे किती बारीक, तिला काही कळेना. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"झालाय," ती म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग कणभर मसाला उचलून खालच्या ओठाला लावला आणि ओठावर ओठ घासला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं.

"नाही झाला. कांता, अजून एकदा घाल गो." मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "कळत नसलं तर कळत नाही म्हणायचं, बाय. त्यात काय लाजायचं?"

तू फोन केलास तेव्हा मला कळत होतं, आई. एवढं वैदेहीच्या ओठांपर्यंत आलं. तिने खाली वाकून डबा उचलला आणि कांताच्या हातात दिला.