टेबलाचं दावं

हौशीरामने टेबलाच्या पायावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मग वाकून बाकीचे पाय तपासले.

"आठ पायांचं जनावर पहिल्यांदाच घेतोय, शेठ."

पारसमल हसले नाहीत.

हौशीराम बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल होता. बाजाराजवळ त्याने हॉटेल काढलं होतं. गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून त्याला स्नूकरचं टेबल हवं होतं. पारसमल यांचं नारायणगावात कापडाचं दुकान. टेबल मागच्या गोदामात होतं. १९९४ पासून दर हिवाळ्यात त्यावर स्पर्धा व्हायची. या खेळावरच पोट असलेले खेळाडू पुण्या-मुंबईहून यायचे. काळं जाकीट घालून खेळायचे आणि दुपारी मांडी घालून दालबाटी खायचे.

पंच होत्या पारसमल यांच्या पत्नी, कस्तुरबाई. डोक्यावर पदर, हातात पांढरे मोजे, पाय अनवाणी. स्नूकरमध्ये लाल चेंडू खड्ड्यात गेला की गेला. रंगीत चेंडू पंचाने काढून परत जागेवर ठेवायचा असतो. मधल्या निळ्याच्या जागेपर्यंत कस्तुरबाईंचा हात पोचत नसे. मग त्या दुकानातलं लाकडी स्टूल ओढायच्या, वर चढायच्या, चेंडू पदराने पुसून ठेवायच्या. तोवर मुंबईचा विजेता काठी धरून उभा. एकदा एक जण हसला.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "गेलेला चेंडू मलाच आणून द्यायचाय."

२००२ साली पारसमलांचं पत्रक निघालं. भारनियमनामुळे स्पर्धा बंद.

"लाइटीपायी बंद केली व्हय?" हौशीरामने आता विचारलं. "आमच्याकडं बी लाइट नसती. बाजार भरतोच की."

"तुमच्या बैलांना दिवा लागत नाही."

हौशीरामने दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. बेल्ह्याला भाव बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबतात. त्याने बोटं दाबली. पारसमलांनी लगेच मान डोलावली. हौशीराम नाराज झाला.

"शेठ, भाव जरा ओढा तरी. असा सौदा झाला म्हणलं तर लोक मला हसतील."

"झाला सौदा."

"बरं. आमच्यात जनावर देत्यात, दावं देत न्हाईत. मालक दावं सोडून घरी नेतो. टेबलाला दावं न्हाई, तवा समदं माझं."

हमालांनी टेबल खोललं. दगडी फरशा टेम्पोत चढल्या. मग पाय, चेंडू, काठ्या. शेवटी एकाने स्टूल उचललं. पारसमलांनी ते दुसऱ्या बाजूने धरलं.

"राहू द्या वो," हौशीराम म्हणाला. "शेठाणी गेल्यापासून कोण चढलंय ह्याच्यावर?"

काठीच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूची पूड त्या खोलीत नेहमी सांडलेली असायची. स्टुलावर त्याच खडूचे दोन ठसे होते. लहान पावलांचे. हौशीरामला वाटलं, घाण आहे म्हणून शेठ अडलेत. त्याने पुसायला उपरणं काढलं.

"पुसू नको."

पारसमलांनी स्टूल ओढून घेतलं आणि आडवं न करता दोन्ही हातांवर धरलं.

"सौदा झालाय, शेठ."

"झालाय," पारसमल म्हणाले. "हे दावं."